दोषी सापडले, कारणे राहिली

1986 च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काही रुग्णांची लघवी एकाएकी कमी होऊ लागली आणि मग बंदच झाली. कुणाच्या डोळ्यातला दाब उतरवायचा होता, कुणाच्या मेंदूवरची सूज. आजार निरनिराळे होते, पण या रुग्णांना ग्लिसरॉल हे एक औषध समान मिळाले होते. मूत्रपिंडे निकामी होऊन 14 जण दगावले. तपासणीत त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरले जाणारे द्रावक निघाले. तेही पारदर्शक, दाटसर आणि चवीला गोड असते, त्यामुळे बाटली हातात घेऊन कुणालाही फरक कळत नाही. औषध लिहिणाऱ्या डॉक्टरला तो कळला नसता आणि कपात ओतून देणाऱ्या सिस्टरलाही कळला नसता. फरक कळण्याची जागा एकच होती, ती म्हणजे प्रयोगशाळा. बाटली वॉर्डात पोहोचण्याआधी तिथे तपासली गेली असती, तर हे मृत्यू टळले असते. त्या घटनेला आता चाळीस वर्षे झाली. या चाळीस वर्षांत महाराष्ट्रातील रुग्णालयांत उपचारांऐवजी मृत्यू पदरी पडल्याच्या मोठ्या घटना ओळीने मांडल्या, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. दर वेळी आपण दोषी माणूस शोधला. घटना ज्या कारणांमुळे घडली, ती मात्र बहुतेक वेळा जागच्या जागी राहिली.

जे. जे. प्रकरणाची चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्याकडे सोपवण्यात आली. त्यांचा अहवाल 1988 मध्ये लोकांसमोर आला, तेव्हाचे आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले, आणि बहुतेकांच्या स्मरणात तो तेवढ्यासाठीच राहिला. त्या चौकशीचे खरे मोल वेगळे आहे. आयोग रुग्णाच्या खाटेपाशी थांबला नाही. औषध कुणाकडून आणि कशाच्या आधारावर घेतले, पुरवठादाराला परवाना कसा मिळाला, अन्न व औषध प्रशासनाने तपासणी का केली नाही, रुग्णालयाच्या प्रशासनाने काय पाहिले आणि काय पाहिले नाही, मंत्रालयातून कुणाची पाठराखण होत होती, अशी सबंध साखळी आयोगाने उलगडली आणि प्रत्येक कडीवर नावानिशी ठपका ठेवला. रुग्णाचा जीव वॉर्डात जातो, पण तो जाण्याची तयारी पुष्कळदा वॉर्डाबाहेरच्या टेबलांवर झालेली असते, हे एका अधिकृत दस्तऐवजात इतक्या स्पष्टपणे राज्यात क्वचितच मांडले गेले असेल. हीच पद्धत पुढच्या चौकशांनी उचलली असती, तर आजचे चित्र निराळे असते.

डायएथिलीन ग्लायकॉलचा धोका 1986 मध्ये अज्ञात नव्हता. 1937 मध्ये अमेरिकेत याच द्रावकात तयार केलेल्या एका औषधाने शंभराहून अधिक माणसे मेली होती. त्यानंतर, औषध सुरक्षित असल्याचे दाखवल्याखेरीज ते विकता येणार नाही, असा कायदा तिथे 1938 मध्ये झाला. आपल्याकडे मद्रासमध्येही 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला याच विषाने मुले दगावली होती. जे. जे. नंतर 1998 मध्ये दिल्ली-गुरुग्राम परिसरात आणि 2020 च्या सुमारास जम्मूतील उधमपूर जिल्ह्यात तेच घडले. 2022 मध्ये गांबियात मुलांच्या मृत्यूंशी संबंध जोडला गेला तो भारतात बनलेल्या खोकल्याच्या औषधांचा. ज्या विषाचे नाव, गुणधर्म आणि चाचणी पाऊणशे वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे, त्याने पुन्हा पुन्हा माणसे मारावीत, याला योगायोग म्हणता येणार नाही. कच्च्या मालाची प्रत्येक खेप तपासायचीच, ही सवय कारखान्यात आणि सरकारी यंत्रणेत मुरली नाही, एवढाच याचा अर्थ.

रुग्णालयांच्या जबाबदारीविषयी आपल्या न्यायालयांनी जे म्हटले, तेही या मागोव्यात ठेवायला हवे. त्यातले दोन महत्त्वाचे निकाल महाराष्ट्रातल्याच घटनांवरचे आहेत. 1953 च्या मे महिन्यात कोकणच्या किनाऱ्यावर मांडीचे हाड मोडलेल्या विशीतल्या एका तरुणाला पुण्यात आणले गेले. पुरेशी भूल न देता, जोर लावून त्याचे हाड बसवण्यात आले, आणि तो त्याच दिवशी गेला. त्याच्या वडिलांनी लावलेल्या दाव्याचा शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयात 1968 मध्ये लागला. भरपाई होती 3,000 रुपये. रुग्ण हाती घ्यायचा की नाही, कोणता उपचार करायचा आणि तो कसा करायचा, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरने वाजवी काळजी घेतलीच पाहिजे, असे या निकालाने सांगितले. डॉक्टरच्या वैयक्तिक कर्तव्याची ही चौकट आजही उद्धृत होते. पुरेशी भूल न देता हाड ओढणे ही एका माणसाची, एका खोलीतली चूक होती. तिथे दोषी शोधणे म्हणजेच कारण शोधणे होते.

दुसरी घटना तेव्हाच्या औरंगाबादची. जुलै 1963 मध्ये सरकारी प्रसूतिगृहात बाळंतपणानंतर एका स्त्रीवर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. नंतर तिला ताप आणि पोटदुखी सुरू झाली. पोट पुन्हा उघडले, तेव्हा आत राहिलेला मॉप सापडला, म्हणजे रक्त टिपायला वापरतात ते कापड. तोवर पोटभर पू झाला होता आणि काही दिवसांतच ती गेली. मॉप पहिल्या डॉक्टरने ठेवला की दुसऱ्याच्या शस्त्रक्रियेने मृत्यू ओढवला, वैद्यकीय सेवा ही सरकारची सार्वभौम जबाबदारी असल्याने भरपाई लागू होते की नाही, असे वाद उच्च न्यायालयापर्यंत चालले आणि तिथे निकाल सरकारच्या बाजूने गेला. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये तो फिरवला. रुग्णालयातल्या हलगर्जीमुळे मृत्यू झाला हे सिद्ध झाले, की नेमका हात कुणाचा हे ठरले नाही तरी राज्य भरपाईला बांधील आहे, असे न्यायालयाने सांगितले. या निकालाला तेहतीस वर्षे लागली आणि भरपाई होती 36,000 रुपये. पण त्यातले तत्त्व माझ्या युक्तिवादाचा कणा आहे. रुग्ण विश्वास ठेवून येतो तो संस्थेवर. त्या रात्री ड्यूटीवर कोण आहे हे त्याला ठाऊक नसते. म्हणून उत्तरही आधी संस्थेने द्यायचे असते.

या दोन निकालांच्या मधल्या काळात खासगी वैद्यकीय सेवा झपाट्याने वाढली. 1986 मध्येच ग्राहक संरक्षण कायदा आला. वैद्यकीय सेवा त्यात मोडते की नाही, यावर बराच खल झाला आणि नोव्हेंबर 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मोडते असा निर्णय दिला. रुग्णाच्या हाती एक तुलनेने सोपा मार्ग आला. मात्र त्याच निकालात एक मर्यादा होती. जिथे सगळ्यांनाच सेवा मोफत मिळते, ती रुग्णालये या कायद्याबाहेर राहिली. पैसे मोजणारा रुग्ण ग्राहक आयोगात जाऊ शकतो, पण मोफत उपचार देणाऱ्या सरकारी दवाखान्यात गेलेल्या शेतमजुराला तो दरवाजा बंद आहे. दिवाणी दावा तो लावू शकतो, पण 1953 आणि 1963 च्या खटल्यांना किती वर्षे लागली ते आपण वर पाहिले. वैद्यक परिषदेकडे जावे, तर तिथे डॉक्टरांच्या वर्तनाचा निवाडा डॉक्टरच करतात, आणि 2019 च्या राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्यात अपिलाचा हक्क लिहिला आहे तो डॉक्टरचा, तक्रारदार रुग्णाचा नव्हे. मग गरिबाच्या हाती उरतात पोलीस ठाणे आणि सरकारी चौकशी. हे दोन्ही मार्ग माणूस शोधण्यासाठी आहेत. कारण शोधून ते दूर करणे हे पोलीस ठाण्याचे काम नाही, आणि सरकारी चौकशीनेही ते क्वचितच आपले मानले.

फौजदारी मार्ग कुठवर पोहोचतो, हे 2005 च्या एका निकालात दिसते. प्रकरण लुधियानाचे, 1995 सालचे. श्वास लागलेल्या रुग्णाला प्राणवायू लावायला गेले, तर सिलिंडर रिकामा. दुसरा आणून जोडेपर्यंत रुग्ण गेला. गुन्हा डॉक्टरांवर दाखल झाला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की फौजदारी शिक्षेसाठी हलगर्जी अतिशय गंभीर स्वरूपाची असावी लागते, स्वतंत्र वैद्यकीय मत घेतल्याशिवाय डॉक्टरवर कारवाई करू नये आणि सरसकट अटक करू नये. सिलिंडर रिकामा निघणे ही रुग्णालयाची दिवाणी जबाबदारी ठरू शकेल, पण त्यासाठी या डॉक्टरांवर खटला चालणार नाही. कायद्याच्या दृष्टीने हे रास्त होते. पण सिलिंडर भरलेला आहे का हे रोज कोण पाहते, त्याची नोंद कुठे होते, राखीव सिलिंडर किती पावलांवर ठेवलेला असतो, या प्रश्नांची उत्तरे देण्याचे काम कोणत्याच यंत्रणेवर आले नाही. डॉक्टर सुटले आणि सिलिंडरचा प्रश्न तिथेच राहिला.

तो प्रश्न 2021 मध्ये नाशिकला उभा राहिला. 21 एप्रिलला महापालिकेच्या झाकिर हुसेन रुग्णालयात द्रवरूप प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, दाब घसरला आणि कृत्रिम श्वासावर असलेले 22 रुग्ण दगावले. दोनच दिवसांनी विरारच्या एका खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून 13 रुग्ण गेले. करोनाच्या त्या लाटेत सगळ्याच व्यवस्थांवर न भूतो असा ताण होता, हे खरे. पण त्या वर्षाची सुरुवात आणि शेवट करणाऱ्या दोन घटनांना तेवढे कारण पुरत नाही. 9 जानेवारीच्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षात आग लागली आणि 10 बाळे गेली, 7 वाचली. 6 नोव्हेंबरला, भाऊबीजेच्या दिवशी, तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला आणि 11 रुग्ण गेले. भंडाऱ्यानंतर राज्यातल्या रुग्णालयांचे फायर ऑडिट करण्याचे आदेश निघाले होते. त्याला दहा महिने झाले होते.

भंडाऱ्याची घटना जरा जवळून पाहू. कमी वजनाच्या बाळाला स्वतःची ऊब टिकवता येत नाही, म्हणून त्याला वॉर्मरवर ठेवतात. वर विजेवर तापणारी कॉइल, खाली गादी आणि प्लास्टिकचा ट्रे, आणि बाळाच्या कातडीला चिकटवलेला एक प्रोब. प्रोब सांगेल तसे यंत्र ऊब कमी-जास्त करते. ही यंत्रे दिवसाचे चोवीस तास आणि वर्षाचे बारा महिने चालतात. आजूबाजूला प्राणवायू सुरू असतो आणि प्राणवायू जास्त असलेल्या हवेत ठिणगीची आग व्हायला वेळ लागत नाही. म्हणून अशा खोलीत तीन गोष्टी हव्यातच. यंत्रांची ठरावीक मुदतीने देखभाल, धूर होताच वाजणारी घंटा, आणि बाळांवरून एक क्षणही नजर न हटेल इतके मनुष्यबळ. चौकशीत आगीचा उगम एका वॉर्मरमध्ये असल्याचे निघाले. मग कारवाई झाली. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित, वैद्यकीय अधिकारी आणि परिचारिका निलंबित, कंत्राटी डॉक्टर आणि परिचारिकांची सेवा समाप्त, आणि दोन परिचारिकांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा. अहमदनगरलाही हाच क्रम दिसला. शल्यचिकित्सक, डॉक्टर आणि परिचारिकांवर निलंबन आणि सेवासमाप्ती, आणि पोलिसांनी अटक केली ती एका वैद्यकीय अधिकारी डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना. ज्यांनी कर्तव्यात कसूर केली असेल त्यांना शिक्षा व्हावी, यात वाद नाही. पण विजेचा भार किती असावा हे परिचारिका ठरवत नाही, आणि आग विझवण्याच्या यंत्रणेसाठी निधी द्यायचा की नाही हा निर्णयही तिच्या हातात नसतो. एका रात्री किती जणींची ड्यूटी लावायची, हेही ती सांगू शकत नाही. हे सारे ठरवणारी टेबले कारवाईच्या यादीत जवळजवळ दिसत नाहीत. लेंटिन आयोगाने ज्या दिशेने वाट काढली होती, तिच्या नेमक्या उलट दिशेला आपण पस्तीस वर्षांत आलो.

2023 मध्ये पुन्हा तेच. ऑगस्टमध्ये ठाणे महापालिकेच्या कळवा येथील रुग्णालयात 24 तासांत 18 मृत्यू झाले. सप्टेंबर संपता संपता नांदेडच्या शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले, त्यातली 12 नवजात बाळे होती. जवळजवळ सगळे रुग्ण अत्यवस्थ अवस्थेतच आले होते, असे प्रशासनाने सांगितले. औषधांचा तुटवडा आणि अपुरे मनुष्यबळ यांवर चर्चा झाली. राज्याची औषधखरेदी 2017 पासून हाफकिन या सरकारी महामंडळाकडे गेली होती, तिथला विलंब हा वर्षानुवर्षांचा तक्रारीचा विषय होता, आणि त्यावर उपाय म्हणून स्वतंत्र खरेदी प्राधिकरणाचा कायदा त्याच वर्षी झाला होता. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आणि याच दिवसांत एका खासदाराने रुग्णालयात जाऊन अधिष्ठात्यांच्या हाती झाडू दिला आणि त्यांच्याकडून स्वच्छतागृह साफ करून घेतले. ते दृश्य राज्यभर पाहिले गेले. एका वरिष्ठ डॉक्टरचा असा अपमान करणे ही गंभीर गोष्ट होती आणि त्यावर गुन्हाही नोंदला गेला. पण त्या दृश्यातून आपली जुनी सवय उघडी पडली. औषध का नव्हते आणि खाटांच्या तुलनेत परिचारिका किती होत्या, याचे उत्तर मिळण्याआधी कुणाला तरी सर्वांसमोर खाली मान घालायला लावणे आपल्याला पुरेसे वाटते.

औषधांच्या साखळीचे काय झाले, तेही पाहू. नागपूरच्या सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांत औषधच नसल्याचे तपासणीत आढळले. नागपूर ग्रामीण पोलिसांच्या तपासातून 2024 मध्ये बाहेर आले, की त्या गोळ्या टाल्कम पावडर आणि स्टार्चच्या होत्या. न्यूमोनिया झालेल्या मुलाला अशी गोळी दिली, तर डॉक्टरचे निदान बरोबर, चिठ्ठी बरोबर, सिस्टरने दिलेली मात्रा बरोबर, आणि तरीही मूल दगावू शकते. मग 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याचे औषध घेतलेल्या मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. त्यांतल्या अनेकांना उपचारांसाठी आणले गेले ते नागपूरला. विसाहून अधिक मुले गेली. तमिळनाडूत बनलेल्या त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल 48 टक्क्यांहून जास्त निघाले. मान्य मर्यादा 0.1 टक्का आहे. सर्वांत आधी अटक झाली ती औषध लिहून देणाऱ्या बालरोगतज्ज्ञाला. कंपनीचा मालक त्यानंतर काही दिवसांनी पकडला गेला. डॉक्टरची चूक होती की नाही, हे न्यायालय ठरवेल. पण जे. जे. च्या ग्लिसरॉलपासून छिंदवाड्याच्या बाटलीपर्यंत विष तेच आहे आणि न झालेली तपासणीही तीच. बेड्यांचा क्रमही खालूनच सुरू होतो.

या मांडणीवर पहिला आक्षेप मृतांच्या नातेवाइकांचा असेल, आणि तो मी सर्वांत गंभीरपणे घेतो. "व्यवस्था दोषी" म्हटले की कुणीच दोषी राहत नाही, असे ते म्हणतील. त्यांचा अनुभवही तसाच आहे. फायली वर्षानुवर्षे फिरतात आणि शेवटी सगळे हात वर करतात. पण व्यवस्थेकडे पाहणे म्हणजे माणसांना सोडून देणे, हे समीकरण चुकीचे आहे. लेंटिन यांनी व्यवस्था तपासली म्हणूनच ठपका मंत्र्यापर्यंत पोहोचला. केवळ वॉर्ड तपासला असता, तर तो एखाद्या कंपाउंडरवर थांबला असता. 1996 च्या निकालानेही संस्थेला बांधील धरले म्हणून त्या कुटुंबाला न्याय मिळाला. मॉप कुणाचा, या वादातच ते अडकले असते, तर हाती काहीच आले नसते. कारणांचा शोध जबाबदारीला वरच्या टेबलापर्यंत नेतो. जाणूनबुजून केलेली फसवणूक, खोट्या नोंदी, दारू पिऊन केलेली शस्त्रक्रिया, भेसळीचा धंदा यांना फौजदारी शिक्षा हवीच, आणि ती आजच्यापेक्षा लवकर हवी.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा. त्यांचे म्हणणे असे, की आधीच हल्ले, खटले आणि समाजमाध्यमांवरची बदनामी यांनी आम्ही बेजार आहोत. त्यात चुका नोंदवा, अहवाल उघड करा असे म्हणाल, तर कुणी अवघड रुग्ण हातात घेणार नाही. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने 2010 मध्ये कायदा केला आणि तरीही हल्ले थांबले नाहीत, हे खरे आहे. पण हल्ले कशामुळे होतात? नातेवाइकाला काय घडले हे कुणी नीट सांगत नाही, कागद मिळत नाहीत, आणि सत्य दडवले जात असल्याचा संशय बळावतो, हे त्यामागचे मोठे कारण आहे. लपवाछपवीने डॉक्टर सुरक्षित झाले, असा गेल्या चाळीस वर्षांचा दाखला नाही. नोंदीची भीती रास्त आहे, आणि म्हणूनच शिकण्यासाठीची नोंद आणि शिक्षेसाठीची चौकशी या दोन वाटा कायद्याने वेगळ्या हव्यात. विमान अपघातांबाबत आपल्या देशात ही रीत मान्य आहे. तिथल्या तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणे हा असतो, दोष वाटणे हा नसतो. इंग्लंडने 2017 पासून रुग्णालयांतल्या घटनांसाठी अशीच स्वतंत्र तपास यंत्रणा उभी केली. तिच्यापुढे कर्मचाऱ्याने दिलेली माहिती सहसा त्याच्याविरुद्ध वापरली जात नाही, आणि निष्कर्ष मात्र सगळ्यांना वाचायला मिळतात. भारतानेही 2018 मध्ये रुग्णसुरक्षेचा राष्ट्रीय आराखडा केला आणि त्यात घटनांच्या नोंदीची गरज मान्य केली. आराखड्याची मुदत 2025 पर्यंतची होती. जिल्हा रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला, थोडक्यात टळलेली चूक न घाबरता कुठे नोंदवायची हे आजही सांगता येत नसेल, तर तो आराखडा तिच्यापर्यंत पोहोचलेला नाही.

तिसरे उत्तर सरकारी कार्यालयांतून येते. गर्दी प्रचंड आहे, पदे रिकामी आहेत, पैसा अपुरा आहे. यातले काहीही खोटे नाही. पण सुरक्षिततेचे पुष्कळ उपाय पैशापेक्षा शिस्तीचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी 19 मुद्द्यांची एक यादी तयार केली. भूल देण्याआधी रुग्णाचे नाव, शस्त्रक्रिया आणि अवयव पुन्हा विचारायचा. चीर देण्याआधी सगळ्या चमूने क्षणभर थांबून तीच खात्री करायची. पोट शिवून रुग्ण बाहेर नेण्याआधी स्क्रब सिस्टरने मॉप आणि हत्यारे मोजून आकडा मोठ्याने सांगायचा. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, त्याचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले होते. 1963 मध्ये औरंगाबादला मॉप मोजले गेले असते, तर ती बाई तान्ह्या बाळाला घेऊन घरी गेली असती. यादी छापायला फार खर्च येत नाही. ती रोज म्हटली जाते का, हे पाहणारा मात्र कुणी तरी हवा. आणि फायर ऑडिट झाले, त्रुटींची यादी निघाली आणि कामे निधीअभावी राहिली, तर पुढच्या आगीला तो निधी अडवणारेही जबाबदार धरले गेले पाहिजेत. पैसा नसणे हे कारण असेल, तर तेही अहवालात नावानिशी लिहिले जावे.

म्हणून मागणी चारच गोष्टींची आहे, आणि त्या एकमेकींवर उभ्या आहेत. रुग्णालयात एकाच वेळी अनेक मृत्यू झाले किंवा टाळता येण्याजोगा मृत्यू झाला, तर तपास आरोग्य खात्याबाहेरच्या कायमस्वरूपी यंत्रणेने करावा. खात्याने स्वतःचीच चौकशी करू नये. तिचा अहवाल ठरलेल्या मुदतीत मराठीत प्रसिद्ध व्हावा आणि राज्यातल्या प्रत्येक रुग्णालयाने त्यातल्या कोणत्या शिफारशी लागू केल्या, हे दरवर्षी विधिमंडळापुढे मांडले जावे. सरकारी रुग्णालयातल्या रुग्णाला, दोषी हात कुणाचा हे सिद्ध होण्याची वाट न पाहता, संस्थेकडून भरपाई मिळावी. 1996 चा निकाल त्यासाठी पुरेसा आधार आहे. आणि सरकारी खरेदीतली औषधाची प्रत्येक खेप वॉर्डात जाण्याआधी तपासली जावी, त्या तपासणीचा निकाल सर्वांना पाहता यावा.

वाचकांनाही एक विनंती. पुढच्या वेळी एखाद्या रुग्णालयातून अशी बातमी येईल, तेव्हा किती जण निलंबित झाले या आकड्यावर समाधान मानू नका. आपल्या आमदाराला, पालकमंत्र्याला, नगरसेवकाला विचारा की कारण काय निघाले, ते कुठे लिहिले आहे आणि आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात ते दूर केले आहे का. लेंटिन आयोगाने चाळीस वर्षांपूर्वी हेच प्रश्न विचारले होते. ते विचारणे आपण सोडून दिले, आणि त्याची किंमत ज्यांना दुसऱ्या रुग्णालयात जाणे परवडत नाही, त्या माणसांनी जिवानिशी मोजली.